पाचवी वही

धनपाल मगदूम मास्तरांना कोणतीही गोष्ट वहीत मांडल्याशिवाय ठरवता येत नसे. रहिमतपूरच्या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या माणसाला वह्यांची सवय असणारच. पण मास्तरांचं प्रकरण जरा पुढं गेलेलं होतं. घरात स्टोव्ह घ्यावा की शेगडीवरच भागवावं, या प्रश्नावर त्यांनी अकरा पानं लिहिली होती. डाव्या पानावर स्टोव्हची बाजू, उजव्या पानावर शेगडीची. बाराव्या पानावर त्यांनी 'निष्कर्ष' असा मथळा दिला, त्याखाली दुहेरी रेघ ओढली आणि मान वर करून पाहिलं, तर त्यांची बायको पद्मावती नव्या स्टोव्हवर चहा करत होती. मास्तरांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण चहा चांगला झाला होता, म्हणून त्यांनी निष्कर्षाच्या जागी तारीख घातली आणि वही मिटली.

सदुसष्ट सालच्या फेब्रुवारीत मात्र जो प्रश्न आला, तो पद्मावतीला परस्पर सोडवता येण्यासारखा नव्हता.

सांगलीहून एक फॉर्म आला. शिक्षिका होण्याचा दोन वर्षांचा कोर्स, वसतिगृहात राहून करायचा. पद्मावती मॅट्रिक झालेली, सांगलीतच वाढलेली. फॉर्म तिनं स्वतःच मागवला होता आणि सुवाच्य अक्षरात भरलाही होता. तळाशी एक ओळ तेवढी रिकामी होती. 'पतीची संमती', आणि पुढं टिंबं. पोचवायची शेवटची तारीख वीस मार्च.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. धाकट्या बहिणींची लग्नं उरकेपर्यंत मास्तरांचं राहून गेलेलं, त्यामुळे त्यांचं वय चौतीस, पद्मावतीचं बावीस. गावाकडून येणारं प्रत्येक माणूस पद्मावतीकडे पाहून मग मास्तरांकडे पाही आणि मग पाणी पिई. आता ती दोन वर्षं सांगलीला राहिली, तर मूल त्यानंतरच. म्हणजे आई-बाप लवकर व्हायचं की उशिरा, हे त्या टिंबांवरच्या सहीनं ठरणार होतं.

"तुमचं काय म्हणणं आहे?" पद्मावतीनं विचारलं.

"आठ दिवस दे," मास्तर म्हणाले.

तिनं आठ दिवस दिले आणि फॉर्म ट्रंकेत मास्तरांच्या धुतलेल्या धोतरांवर नेऊन ठेवला. रोज सकाळी धोतर घेताना मास्तरांना तो बाजूला सारावा लागे, आणि नंतर पुन्हा जागेवर ठेवावा लागे.

त्यांनी नवी वही काढली. शाळेत प्रत्येक वहीला खाकी कागदाचं कव्हर आणि त्यावर चिठ्ठी असावी, असा मास्तरांचाच दंडक होता. हात त्या सवयीचा. त्यांनी याही वहीला कव्हर घातलं, चिठ्ठी चिकटवली. नावाची जागा लाजेखातर रिकामी ठेवली. विषयापुढं जरा अडले, आणि 'विचार' असं लिहिलं.

डाव्या पानावर 'लवकर', उजव्या पानावर 'उशिरा'.

लवकरच्या बाजूला पहिला मुद्दा असा पडला: 'माझे वय. मूल मॅट्रिकला बसेल तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा असेन. त्यास भूमिती कोण शिकवणार? (भूमिती मला आजही येत नाही.)' मग 'लोक.' मग बराच वेळ थांबून, 'मला मुले आवडतात.' हे खरं आहे का, याचा विचार करताना त्यांच्या डोळ्यांपुढं आठवी ब उभी राहिली, म्हणून त्यांनी कंसात 'लहान' असा शब्द वाढवला.

उशिराच्या बाजूला: 'पद्मावतीचा कोर्स.' 'खोली एकच. आढ्याला कडीही एकच, तिला शिंके आहे. पाळणा कोठे टांगणार?' 'लोक', कारण लोक दोन्हीकडून बोलतातच. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात: 'मी अजून तयार नाही. मूल मला काही विचारील आणि मला उत्तर येणार नाही.'

यानंतर मास्तरांनी पेन खाली ठेवलं, पाण्याचा घोट घेतला, आणि डाव्या पानावर शेवटचा मुद्दा लिहिला.

'आईचे डोळे.'

त्यांची आई, आक्काताई, सांगलीजवळ समडोळीला मास्तरांच्या धाकट्या भावाकडे असे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मिरजेला नेऊन ऑपरेशन करावं म्हणून तीन वर्षं सगळे मागं लागलेले. पण मिरजेला डोळा बाहेर काढून बशीत ठेवतात, पुसतात आणि परत बसवतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. "आन् पडला हातनं तर?" असं ती विचारी, आणि घरात कुणालाच याचं उत्तर देता येत नसे. जैनाघरची बाई, दिवस बुडायच्या आत जेवायचं हा जन्माचा नेम. पण आताशा सूर्य बुडाला की नाही हेच तिला दिसेना. नेम मोडू नये म्हणून ती चार वाजताच जेवून घेई आणि रात्री उपाशी निजे. दोन वर्षं थांबलं तर नातवाचं तोंड तिला दिसणार नाही, हे मास्तरांना दिसत होतं. बाकीचे सगळे मुद्दे इकडचे तिकडं करता येत होते. हा एक दगडासारखा बसला होता.

आठ दिवसांचे पंधरा झाले. मास्तर रिकाम्या तासाला चाळावी म्हणून वही शाळेत नेऊ लागले. आणि तिथंच घात झाला.

शाळेची वार्षिक तपासणी आली होती. तपासणीची पद्धत अशी, की साताऱ्याचे साहेब येण्याआधी प्रत्येक वर्गाच्या पाच वह्या हेडमास्तरांकडे जायच्या. दोन हुशार मुलांच्या, दोन मध्यम आणि एक कच्च्या मुलाची. हेडमास्तरांनी शेरा मारून सही करायची आणि गठ्ठा बांधून साताऱ्याच्या कचेरीत धाडायचा. मास्तरांनी आठवी बच्या चार वह्या काढून टेबलावर ठेवल्या आणि कच्च्या मुलाची शोधायला म्हणून ते वर्गात गेले. (निवड अवघड होती.) तेवढ्यात केरू शिपाई आला. टेबलावर खाकी कव्हराच्या पाच वह्या होत्या. त्यानं त्या मोजल्या आणि उचलून नेल्या.

मास्तर धापा टाकत हेडमास्तरांच्या खोलीत पोचले तेव्हा आप्पासो निकम, म्हणजे हेडमास्तर, पाचवी वही मिटत होते. आप्पासो हा शिस्तीचा माणूस. चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, ही त्यांची तीस वर्षांची कमाई.

"सर, ती वही... ती माझी आहे," मास्तर म्हणाले.

"ते लक्षात आलं."

"मग ती परत..."

"मगदूम, गठ्ठ्याच्या यादीत आठवी ब, वह्या पाच, असं लिहून झालं. खाली माझी सही झाली. गठ्ठा मगाशीच लाखेनं बंद करायचा होता, मी वाचत होतो म्हणून थांबला. चार गेल्या तर शेरा कुणावर येईल?"

"पण सर, त्यात..."

"वाचलं मी. माझ्यासमोर आलेली वही मी शेऱ्याशिवाय सोडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे." आणि त्यांनी ती उघडून दाखवली. तळाशी लाल शाईत होतं: 'मुद्दे चांगले. निष्कर्ष नाही. अक्षर सुधारावे.' खाली झोकदार सही.

मास्तरांच्या डोळ्यांदेखत केरूनं गठ्ठ्याला गाठ मारली, आणि लाखेचा पहिला थेंब त्या गाठीवर पडला.

केरूला वाचता येत होतं, हे मास्तरांना त्या दिवशी संध्याकाळी कळलं. घरी पोचेपर्यंत घरमालकीण बयाबाई दारात उभीच होती. सात बाळंतपणं झालेली बाई. तिला कोणताही विषय वर्ज्य नव्हता.

"मास्तर, आवं, लेकरू काय वहीत हुतंय व्हय?"

मास्तरांनी चपला काढण्यात जमेल तितका वेळ घालवला.

"माझं आईका. आत्ताच हूं द्या. माज्या थोरल्याच्या टायमाला मी सतरा वर्साची हुती, लय सोपं गेलं. धाकट्याच्या टायमाला चाळीसाची. त्यो अजून माज्या कमरंत हाय!"

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या जालिंदर सरांनी खांद्यावर हात टाकला. "गड्या, मी कधी वही घातली नाही. पाच झाली. घातली असती तर एकही झालं नसतं. आता तूच ठरव, कुणाचं चुकलं." मास्तरांना हा मुद्दा महत्त्वाचा वाटला. तो लिहून ठेवायला हात खिशाकडे गेला, आणि वही साताऱ्याला असल्याचं पुन्हा आठवलं.

सगळ्यात अवघड होतं ते घरी. ताटात भाकरी वाढताना पद्मावती म्हणाली, "दहा दिवस राहिले." बस. तिला कळलंय की नाही, हे विचारायचं तर आधी काय कळलंय ते सांगावं लागलं असतं. मास्तर जेवले आणि उठले.

शनिवारी अर्धी शाळा झाल्यावर त्यांनी एस.टी. धरली आणि सातारा गाठलं. कचेरीतल्या कारकुनानं त्यांच्याकडे न पाहता विचारलं, "वही परत पाहिजे? अर्ज लिहा."

अर्ज लिहिला.

"विषय काय वहीचा?"

"खाजगी."

"खाजगी हा विषय अभ्यासक्रमात नाही. मराठी का इतिहास?"

मास्तर इतिहास म्हणणार होते. पण अजून घडायचंच आहे त्याला इतिहास कसा म्हणावा, असं वाटून अडखळले. कारकुनानं गठ्ठा काढला. रहिमतपूर, आठवी ब. एक, दोन, तीन, चार. पाचवीवर विद्यार्थ्याचं नाव नाही. नाव नाही म्हणजे आतलं पाहून ओळख पटवायची, असा नियम. त्यानं वही उघडली, आणि ओळख मोठ्यानं पटवायला सुरुवात केली.

"'लवकर. माझे वय. मूल मॅट्रिकला बसेल तेव्हा...' अहो, हे काय आहे?"

चार टेबलांवरच्या चार माना वर झाल्या. मास्तर तिथं उभे होते, आणि कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, की शाळेत आयुष्यभर ज्या मुलांना त्यांनी बाकावर उभं केलं, त्या सगळ्यांचे तळतळाट आज एकदम लागले. एक टेबल म्हणालं, लवकरच बरं. दुसरं म्हणालं, मुळीच नाही, सरकारसुद्धा आता थांबा म्हणतंय. तिसऱ्यानं पाळण्याचा प्रश्न घेतला. कडीला शिंकं असेल तर शिंकं खुंटीला टांगावं, त्यात एवढं लिहिण्यासारखं काय? खुंटी मांजर गाठतं, असं चौथं टेबल म्हणालं, आणि मग मांजरावर चर्चा झाली.

कोपऱ्यात हेडक्लार्क बसले होते. नाथाजी त्यांचं नाव. निवृत्तीला आलेले. त्यांनी हात पुढं केला तशी वही त्यांच्याकडे गेली. त्यांनी ती मनातल्या मनात वाचली, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. चष्मा काढला.

"मास्तर," ते हळू म्हणाले, "'तयार नाही' हे लिहिलंत ते खोडा, असं नाही सांगत. पण माझी मुलगी गेल्या वर्षी सासरी गेली. मांडवात मी उभा होतो तेव्हा वाटलं, आता कुठं बाप व्हायला आपण तयार झालो."

नाथाजींनी शिक्का उचलला, 'तपासले' असा तो वहीवर उमटवला, आणि आवक-जावकात नोंद करून वही मास्तरांच्या हातात दिली.

घरी आले तेव्हा पद्मावती तांदूळ निवडत होती. मास्तरांनी वही पिशवीतून काढून पेटीमागं सारायचा प्रयत्न केला.

"सगळ्या साताऱ्यानं वाचली," ती मान खाली ठेवूनच म्हणाली. "आता मी वाचू का?"

मास्तरांनी वही दिली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तिनं हात पदराला पुसले, मास्तरांच्याच खिशातली लाल पेन्सिल काढून घेतली आणि भिंतीला टेकून बसली. मास्तर उभेच राहिले. परीक्षेच्या निकालाला मुलं कशी उभी राहतात, हे त्यांना आजवर फक्त समोरून माहीत होतं.

'माझे वय' यावर तिनं लिहिलं, 'भूमिती मी शिकवीन.' दोन्हीकडच्या 'लोक'वर फुली. पाळण्यापुढं, 'शिंके काढता येते.' 'मी अजून तयार नाही' यापाशी ती बराच वेळ थांबली आणि बाजूला एवढंच लिहिलं, 'मीही.' 'आईचे डोळे' यापाशी पेन्सिल टेकवली आणि उचलली. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली.

"हे मला खोडता येत नाही," ती म्हणाली.

"मलाही," मास्तर म्हणाले. आणि मग, दोन वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, वहीतून नव्हे तर तोंडानं त्यांनी विचारलं, "तुला काय पाहिजे?"

पद्मावती पेन्सिलीचं टोक बघत राहिली. "मला मूल पाहिजे. ते काय कोर्सच्या आड येतंय म्हणून नको असं नाही. पण एकदा माझ्या तोंडानं हजेरी घ्यायचीय. चाळीस पोरांनी एका मागोमाग 'हजर' म्हणायला पाहिजे. मग घरचं एक." मग ती म्हणाली, "पण आत्तींना दिसायला पाहिजे ना ते. तुम्हीच सांगा, मी हट्ट कसा करू?"

तिनं तळाशी, हेडमास्तरांच्या सहीखाली आणि नाथाजींच्या शिक्क्याशेजारी, शेरा लिहिला. 'निबंध बरा. एक मुद्दा ज्यांचा आहे त्यांनाच विचारावा.'

एकोणीस मार्चला रविवार होता. दोघं सकाळच्या गाडीनं सांगलीला उतरून समडोळीला पोचले. फॉर्म पद्मावतीच्या पिशवीत, वही मास्तरांच्या.

आक्काताई सोप्यात बसली होती. पावलांच्या आवाजावरून तिनं ओळखलं. "धनू आला. आन् मागनं पद्मा. तिची पावलं हळू हायत आज. काय झालं?"

मास्तरांनी वळसे घालायला सुरुवात केली, तशी पद्मावती म्हणाली, "आत्ती, ह्यांनी एक वही लिहिलीय. ती ऐका."

मास्तरांनी वाचली. लवकर वाचलं, उशिरा वाचलं. भूमितीला आक्काताई हसली. 'लोक' दोन्हीकडं ऐकून म्हणाली, "बरोबर हाय." आणि शेवटी मास्तर थांबले.

"संपलं?"

"एक राहिलंय."

"वाच की मग."

"आईचे डोळे," मास्तर म्हणाले.

चुलीवरचं दूध उतू जाऊन निखाऱ्यावर चरचरलं, ते भावजयीनं धावत जाऊन उतरवलं, तोवर आक्काताई तशीच बसून होती.

"माझं डोळं?" ती म्हणाली. "हिच्या कागदाच्या आड माझं डोळं आलं व्हय?"

"तसं नव्हे आई..."

"तसंच हाय. वहीत लिवलंयास तू." तिनं मान उजेडाकडं वळवली. "मला तुज्या वक्ताला कुनी इचारलं न्हवतं रं. पंधरा वर्साची हुते. लवकर का उशिरा, मला काय ठावं? तू झालास. गुनाचा झालास, म्हनून बरं झालं." मग म्हणाली, "तिकडं मिरजंला, डाक्टर हात धुऊन डोळा धरतो का?"

"धरतच नाही आई. बाहेर काढत नाहीत डोळा."

"काढूं दे. घट धर म्हनावं." तिनं हात पुढं केला आणि चाचपून वही धरली. "माझं नाव कुठं हाय ह्यात? खोड ते."

"आई..."

"खोड म्हनते न्हवं! माज्या म्होरं खोड."

मास्तरांनी तिच्यासमोर लाल पेन्सिलीनं त्या दोन शब्दांवरून रेघ ओढली. तिला ती दिसली नाही. पण कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज तिनं मान कलती करून ऐकला. मग पद्मावतीनं फॉर्म पुढं केला आणि मास्तरांनी टिंबांवर सही केली. या सहीला त्यांना तीन आठवडे, एक कचेरी आणि सात माणसांची मतं लागली होती, आणि ती करायला लागला तो एवढासा वेळ. दुसऱ्या दिवशी फॉर्म सांगलीत पोचला. खिडकीवरच्या माणसानं तो उलटून पाहिला आणि कोणतीही हरकत घेतली नाही. मास्तर तरीही थोडा वेळ तिथं थांबून राहिले, एखादी निघालीच तर असावं म्हणून.

मे महिन्यात मिरजेच्या एका दवाखान्यात आक्काताईचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्ट्या, मान हलवायची नाही. सगळं तिनं सोसलं. घोळ झाला तो जेवणाचा. दवाखान्याचं जेवण येई सातला, आणि तिचा नेम दिवसाउजेडीचा. मग पद्मावती साडेपाचला भात घेऊन येई आणि मास्तर खिडकीशी बसून पहारा करत. "बुडला का रं?" "नाही आई." "नीट बघ." "नाही. अजून कौलांच्या वर आहे." "कुनाच्या कौलांच्या?" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तिसऱ्या दिवशी म्हणाला, मास्तर, मलाही सांगत जावा, मला चहाची वेळ कळते. मास्तरांच्या आयुष्यात त्यांचं मत इतक्या लोकांनी इतक्या भरवशानं कधी घेतलं नव्हतं.

जूनमध्ये पद्मावती वसतिगृहात गेली. बयाबाईनं आठ दिवस मास्तरांशी अबोला धरला, आणि नवव्या दिवशी भाजी आणून दिली. खोलीत शिंकं तेवढं डुलत राहिलं.

जुलैअखेरच्या एका रविवारी जाड भिंगांचा चष्मा घ्यायला आक्काताईला पुन्हा मिरजेला आणलं. पद्मावती सांगलीहून परस्पर आली. हातात तिच्या पाठाच्या टाचणांची वही. तिलाही खाकी कव्हर. पहिला पाठ झाला होता. चौथीचा वर्ग, एकेचाळीस मुलं. दोन गैरहजर होती, हे तिनं तक्रारीसारखं सांगितलं.

चष्मा चढवला. आक्काताईनं आधी स्वतःचे हात पाहिले, उलटे, सुलटे. मग मुलाकडं पाहिलं.

"केस पिकलं की रं तुझं."

मग पद्मावतीकडं. तिच्याकडं ती खूप वेळ पाहत राहिली, तिचा पदर नीट केला. आणि मग मास्तरांकडं वळली.

"ती वही हाय का?"

ती मास्तरांच्या पिशवीत होती. असायचीच. त्यांनी पान काढून दिलं. आक्काताईला अक्षर येत नव्हतं. पण लाल शाई, निळा शिक्का, सुनेच्या फुल्या, सगळ्यावरून तिनं बोट फिरवलं आणि डाव्या पानाच्या तळाशी आणून थांबवलं.

"ह्ये?"

"हो."

तिनं वही भिंगांजवळ नेली. लांब धरली. परत जवळ आणली.

"रेघ वाकडी मारलीयास," ती म्हणाली.

मास्तरांनी वाकून पाहिलं. होती वाकडी. आजवर त्या वहीवर पुष्कळ शेरे पडले होते. हा एकच त्यांना पूर्ण मान्य होता.